ठकूबाई, तू पातं उकळलं होतंस

गुरुवार, १२ डिसेंबर १९५७, पिंपरी

दुपारपासून पुडकी बांधते आहे. जुन्या धोतराचे चौकोन कापले, उकळले, उन्हात वाळवले, गरम इस्त्री फिरवली. एकेका चौकोनात दाढीचं एक कोरं पातं, कागदातलं, न उघडलेलं. दोऱ्याचे दोन तुकडे. बेंबीवर ठेवायला फडक्याची घडी. वर गाठ. शनिवारी सुइणी येतात आणि आपापलं पुडकं घेऊन जातात. त्या आता सहा आहेत. मी बांधली सात. हात सवयीने चालत राहिले आणि शेवटची गाठ मारल्यावर कळलं की हे तुझं.

सोडून टाकावं असं आधी वाटलं. पातं आणि दोरा कामाचे आहेत, वाया कशाला घालवायचे. पण सोडलं नाही. टेबलावर समोर ठेवलं आहे आणि तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मधेच तू म्हणाली असतीस, "बाय, मुद्द्याचं सांग. मला गोठ्यात काम हाय."

उद्या तुझा दहावा. तू गेलीस त्या दिवशी मी रडले नाही, नंतरही नाही. तुझ्या सुनेने ते मनात धरलं असावं. तुला त्यात काही वावगं वाटलं नसतं. बाळंतिणीच्या खोलीत रडणाऱ्या बायकांना तू आधी बाहेर काढायचीस.

तू माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, तरी मी तुला तू म्हणते, कारण सुरुवात तूच केलीस. पुण्यात शिकून, सनद घेऊन मी पिंपरीच्या दवाखान्यात आले, तेव्हा दोन महिने माझ्याकडे एकही बाळंतीण फिरकली नव्हती. रोज खोली झाडायची, कात्री उकळायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. एके दिवशी तू रहाटणीहून नदी ओलांडून आलीस, ओलं लुगडं पिळत दारात उभी राहिलीस आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंस.

"तूच का ती सरकारी सुईण?"

"हो."

"तुला पोरं किती?"

"एकही नाही."

"मग तुला काय ठावं?"

मी म्हटलं, "वैद्याला सगळे आजार होऊन गेलेले असतात का?" तू हसलीस. पुढचे दोन दात नव्हते तुला, तरी हसताना तोंडावर पदर घेतला नाहीस. मग आत येऊन माझ्या वस्तू एकेक करून बघितल्यास, जणू बाजारात भांडी बघते आहेस. चार दिवसांनी रहाटणीत एक बाई अडली तेव्हा तू मला बोलावणं धाडलंस. त्यानंतर माझी खोली रिकामी राहिली नाही. दवाखान्याच्या वहीत तुझं नाव कुठेही नाही, पण इथल्या घरांची दारं तू उघडून दिलीस म्हणून मला उघडली. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, "मग आता काय ओवाळू का तुला?"

आपली भांडणं आठवतात. पहिलं झालं ते हातातल्या गोठांवरून. मी म्हटलं, चांदीचे असोत नाहीतर सोन्याचे, काढून ठेव, त्यांच्याखाली मळ राहतो. तू म्हणालीस, लग्नापासून निघाले नाहीत, आता मी मेल्यावरच निघतील. शेवटी साबण लावून दोघींनी ओढून काढले. नंतर दुसरं भांडण त्या साबणावरून. त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो, पोर जन्माला येऊन पहिला श्वास हाच घेणार का, असं तुझं म्हणणं. तिसरं राखेवरून, आणि ते वर्षभर चाललं.

तू नाळ कापायचीस विळ्याने, आणि कापलेल्या देठावर गोवरीची राख दाबायचीस. तुझ्या आईनेही तेच केलं होतं. मी जंतूंचं सांगायला लागले की तू ऐकायचीस आणि शेवटी एकच विचारायचीस, "दिसत न्हाईत, मग हायेत कशावरनं?" मी सूक्ष्मदर्शकाचं सांगितलं. त्यावर तू म्हणालीस, "ते बघाय मी काय पुण्याला जाऊ?"

तुझ्या घरी, चुलीपुढे, हे बोलणं झालं होतं. तू दूध तापवून खाली उतरवलं होतंस. बोलता बोलता तू दह्याच्या मडक्यात बोट बुडवलंस, ते दुधात फिरवलंस आणि मला म्हणालीस, "बघ बरं, ह्यात काय दिसतंय?"

"काही नाही."

"सकाळच्याला बघ. एका बोटाचं इरजण आन् तपेलंभर दूध फिरतंय. तुझं जंतू ते ह्येच न्हवं?"

 तीन वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, आणि इतक्या थोड्या शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. तू थांबली नाहीस. जरा विचार करून म्हणालीस, "आन् दूध उकळत असताना इरजण टाकलं तर लागत न्हाई. मरतंय. म्हून तू कात्री उकळतीस."

मी फक्त मान हलवली. त्यानंतर मी ज्या ज्या सुईणीला शिकवलं, तिला विरजणापासून शिकवलं. तुझं नाव घेतलं नाही. ते माझंच आहे असं त्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं.

तरी राखेवरचा तुझा प्रश्न राहिलाच. "राख तर जळालेली हाय. जळाल्यात कसलं इरजण?" हा प्रश्न मला कुणी परीक्षेत विचारला नव्हता. मी सांगितलं, राख जळलेली असते, पण तुझं राखेचं गाडगं गोठ्याच्या कोपऱ्यात उघडं असतं. त्यात शेणाचे हात जातात, गोठ्याची धूळ जाते. धनुर्वाताचा जंतू तिथेच राहतो, गुराघोड्यांच्या शेणात, मातीत. कोरड्यात तो बी होऊन पडून राहतो. हरभरा कणगीत पडून राहतो तसा, वर्षानुवर्षं. आणि ह्या बियाला उगवायला हवा नको असते, उलट हवा असली तर ते फुटतच नाही. नाळेचा ओला देठ, वर थापलेली राख, त्यावर घट्ट पट्टा. बियाला हवा तसा वाफा तयार होतो.

 मग तुझ्या मनात खरोखर काय होतं ते बाहेर आलं. "पर बेंबी कोरडी असती, बाय. मी बघितल्याती. पू न्हाई, सूज न्हाई. आन् सातव्या दिवशी तोंड मिटतं. बेंबीतला जंतू तोंडाला कसा जातो?"

मी म्हटलं, उद्या सांगते. घरी येऊन पुस्तक काढलं, तेव्हा मला नीट कळलं. तो जंतू जातच नाही कुठे. तो बेंबीशीच बसतो, थोडाच वाढतो, आणि विष सोडतो. ते विष मज्जातंतूंतून चढत पाठीच्या कण्यापर्यंत पोचतं. आपल्या अंगात स्नायूंना आवळ म्हणणारं एक असतं आणि सैल सोड म्हणणारं एक. हे विष दुसऱ्याला गप्प करतं. मग अंग नुसतं आवळतच जातं. आधी जबडा, मग मान, मग पाठ. भांडं वाजलं तरी पोर धनुष्यासारखं ताठ होतं.

दुसऱ्या दिवशी हे मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "म्हंजी चूल दारापाशी आन् धूर माळ्यावर." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तर मग माझ्या हातची जी गेली, ती सटवीनं न्हाई नेली."

मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं."

"पोरांना त्येचं काय?"

  तू दुसऱ्या दिवशी राखेचं गाडगं उकिरड्यावर फोडलंस आणि माझ्याकडून पुडकं घेऊन गेलीस. तू माझी पहिली सुईण.

आता यमुनाचं लिहायला हवं. त्यासाठीच बसले आहे.

काळेवाडीच्या हौसाबाईंची सून यमुना. पहिलं बाळंतपण, दोन वर्षांपूर्वीचं. मला निरोप पोचेपर्यंत तू एकटीनेच ते उरकलं होतंस. मुलगा झाला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. वजनाला चांगला, रडणं खणखणीत. बेंबीवर राख नव्हती, फडकं स्वच्छ होतं. मला तुझा आणि त्याहून जास्त माझा अभिमान वाटला.

सहाव्या दिवशी त्याने दूध ओढणं सोडलं. यमुनाचा दीर मला बोलवायला आला. मी दारातून पोराचा चेहरा बघितला आणि मला कळलं. ओठ ताणलेले, भुवया वर गेलेल्या. डॉक्टर आले, सुई दिली. हौसाबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "रस्त्यापल्याड सरकारनं औषधाचा कारखाना काढलाय, बाटल्यांच्या गाड्या भरून जात्यात, आन् माझ्या नातवाला गुण न्हाई?" डॉक्टरांनी मला सांगायला सांगितलं. मी सांगितलं, की ते औषध जंतू मारतं. पण जंतूने सोडलेलं विष एकदा कण्यात शिरलं की ते औषध त्याला काढू शकत नाही. चूल विझवता येते, माळ्यावर चढलेला धूर नाही. तुझेच शब्द. तू मागे भिंतीशी उभी होतीस.

आठव्या दिवशी ते गेलं.

अंगणात बायका जमल्या होत्या. तिथे, सगळ्यांसमोर, मी तुला विचारलं, "पातं उकळलं होतंस?"

"व्हय."

"किती वेळ?"

"तू सांगितलंस तेवडा वकुत."

"खोटं बोलू नकोस, ठकूबाई. उकळलं असतंस तर हे झालं नसतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडण कधी टाकलं नव्हतंस. पण तू एवढंच म्हणालीस, "मी उकळलं," आणि पदर खोचून चालू लागलीस. मागून हौसाबाईंनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. तू ते ऐकलेस. काळेवाडीची दारं त्या दिवसापासून तुला बंद झाली.

मी तुला पुडकी देणं थांबवलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तूही शनिवारी येत राहिलीस, पुडकं कमरेला खोचून परत जात राहिलीस. आपण कामापुरतं बोलत होतो. चार महिने असं चाललं.

मग रहाटणीचं ते बाळंतपण. मी वेळेवर पोचले होते आणि तुझ्या मागे बसले होते. तू पाणी उकळलंस, पातं त्यात टाकलंस. चुलीपुढे हलली नाहीस, कुणाशी बोलली नाहीस. अगदी मी शिकवलं तसं. मग सांडशीने पातं उचललंस आणि भिंतीकडे वळलीस. भिंतीशी तळहाताएवढी जागा तू ताज्या शेणाने सारवून ठेवली होतीस. तिच्यावर हळदकुंकवाची दोन बोटं. त्या जागेवर तू पातं ठेवलंस.

मी ओरडले. खोलीत कुणी ओरडायचं नाही हा तुझाच नियम. तू दचकलीस.

"काय झालं, ग?"

"ते तिथे का ठेवलंस?"

"मग कुठं ठिवू? नुसत्या भुईवर? हत्यार हाय. उकळून पवित्र केलेलं. म्हून सकाळीच जागा सारवून घेतली."

मी माझ्या पिशवीतलं दुसरं पुडकं सोडलं, त्यातलं पातं आणि एक पितळी ताटली उकळली, आणि पातं ताटलीत ठेवलं. त्या पोरीचं सगळं नीट झालं. आता ती घरभर धावते, तू बघितलंच आहेस.

हात धुवायला आपण बाहेर दगडावर बसलो. तू पाणी घालत होतीस, मी हात चोळत होते. घरादारात सर्वांत चांगली जागा कुठली, तर ताजी सारवलेली. देव तिथे ठेवतात, पाहुणा तिथे बसवतात, बाळंतिणीच्या खोलीची सुरुवात सारवणाने होते. मला हे काय माहीत नव्हतं का? मीही साताऱ्याकडच्या खेड्यातली, लहानपणी शेकडो वेळा अंगण सारवलं. पण पुण्याच्या इस्पितळात पातं कुठे ठेवायचं हा प्रश्न नव्हता. तिथे टेबल होतं, टेबलावर उकळलेलं फडकं होतं. मी तुला पाण्यापर्यंत शिकवलं आणि पाण्याबाहेर काढल्यावर काय, ते सांगायचं राहिलं. विळा मी बंद केला, राख मी बंद केली, आणि शेण दारातून आत आलं तेव्हा मी तिथे नव्हते.

तू पाणी घालता घालता थांबलीस. "यमुनीच्या वक्ताला बी असंच ठिवलं व्हतं," तू म्हणालीस. आवाज नेहमीचाच होता.

ह्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी तुला खोटी म्हटलं, चारचौघींत. तू खरं बोलत होतीस. चूक माझ्या शिकवण्यात होती. तीन वाक्यं. मी म्हणाले, "यापुढे ताटलीत ठेव. आणि ताटली पण उकळ."

"व्हय," तू म्हणालीस.

परत येताना नदीपर्यंत तू माझ्याबरोबर आलीस. उतारापाशी थांबून म्हणालीस, "बाय, यमुनीच्या घरी ह्यातलं काय बोलू नगंस."

"का?"

"मी सुईण. माझं नाव गेलं तर एक सुईण गेली. तुझं गेलं तर बायका म्हनतील, नर्सबाईलाच धड येत न्हाई, मग आपली राख काय वाईट व्हती? पुना गाडगी भरतील. मी किती खपून ती फोडाय लावली, तुला ठावं हाय."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, ठकूबाई. ह्याची लाज मला तुझ्यासमोर वाटली नाही, आज वाटते. तू मला तुझं नाव दिलंस, पांघरायला द्यावं तसं, आणि मी ते अंगावर घेतलं. ऊब होती त्यात. सगळ्या सुइणींना मी पुढच्याच शनिवारी ताटलीचं शिकवलं, प्रत्येकीकडून करून घेतलं. काळेवाडीत मात्र गेले नाही. मनाशी म्हणत राहिले, की ठकूबाईचंच तसं म्हणणं आहे.

त्यानंतरचं सगळं मी तुझ्याकडून फुकट घेतलं. आडवं मूल पोटावरून हात फिरवत कसं वळवायचं, हे मला पुस्तकातली चित्रं बघून कधी जमलं नव्हतं. तू माझे हात धरून, तुझे वर ठेवून, शिकवलंस. "जोर करू नगंस. त्येला इचार. ते सांगतंय कुठं जायचं ते." पोटातल्या पोराला विचार म्हणणारी तू, आणि मी हसू आवरत हात फिरवत होते, आणि ते वळलं. कुठल्या बाईला बसवायचं, कुठलीला चालवायचं, कुठल्या घरात सासूला पाणी आणायच्या निमित्ताने तासभर बाहेर ठेवायचं, हे सगळं तुझं. माझ्या सनदेवर ते छापलेलं नाही.

गेल्या महिन्यात तू शेवटची आलीस. पुडकं घेतलंस आणि जाता जाता म्हणालीस, "यमुनीला सातवा हाय. हौसाबाय म्हनती, सुइणीचा भरवसा न्हाई, मीच नाळ कापीन. पातं आनलंय, उकळीन म्हनती. येळेला तू जा."

मी जाईन म्हणाले. तेव्हाच मला टोचायला हवं होतं, पण टोचलं ते तू गेल्यावर, पुडकी बांधताना. हौसाबाई पातं उकळतील. चांगलं उकळतील, तू उकळलं नाहीस असं मी त्यांना सांगितलं आहे ना. आणि उकळून झाल्यावर त्या ते कुठे ठेवतील? वेळेला निरोप उशिरा आला, नदीला पाणी असलं, मी दुसऱ्या गावी असले, तर?

तेव्हा आपलं ते भांडण आज संपवते. तू म्हणत होतीस, माझं नाव गेलं तर बायका राखेकडे जातील. असेल. पण तुझ्या नावाआड मी लपले म्हणून ज्या घरातलं मूल गेलं, त्याच घराला ते कशाने गेलं हे अजून माहीत नाही. तुझं म्हणणं मोठ्या मनाचं होतं, आणि चूक होतं. राखेच्या बाबतीत मी बरोबर होते, विरजणाच्या बाबतीत तू. ह्या वेळी मी.

उद्या घाटावर सगळं गाव असेल. तिथे उभं राहून तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलणं सोपं आहे, तिथे सगळेच बोलतील. मी खोटी म्हटलं होतं ते अंगणात. तर अंगणातच जायला हवं.

शुक्रवार

सकाळी घाटावर गेले नाही. तुझी सून पुन्हा मनात धरेल; तिला समजावीन. उतारावरून नदी ओलांडली. गुडघाभर गार पाणी होतं. सातवं पुडकं पिशवीत घेतलं होतं.

हौसाबाई अंगण सारवत होत्या. यमुना ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, पोटाशी सूप धरून. मला बघून हौसाबाई म्हणाल्या, "घाटावर न्हाई गेलात, बाय? तुमची जोडीदारीण व्हती."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर चहा आला असता आणि गोष्ट लांबली असती. म्हटलं, "हौसाबाई, दोन वर्षांपूर्वी ह्याच जागी मी ठकूबाईला खोटी म्हटलं. ती खोटी नव्हती. तिने पातं उकळलं होतं. ते कुठे ठेवायचं हे मी तिला शिकवलं नव्हतं, म्हणून तिने ते मानाने सारवलेल्या जागेवर ठेवलं. जंतू त्या शेणातला. चूक माझी."

हौसाबाईंचे दोन्ही हात शेणात होते. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेवटी बोलली ती यमुना, शेंगा फोडायचं न थांबवता.

"उकळलं व्हतं, मला ठावं हाय. पाण्याचा आवाज माझ्या कानात हाय अजून. कळ आली की मी त्यो आवाज ऐकत व्हते."

"मग बोलली का न्हाईस?" हौसाबाईंनी विचारलं.

"नर्सबाय म्हनत व्हत्या न्हाई उकळलं. तुमीबी. मी कोण?"

 मग हौसाबाई उठल्या, हात धुतले, लुगड्याला पुसले. "दोन वर्सं ती ह्या वाटेनं गेली," त्या म्हणाल्या, "आन् मी तिला पाणी ईचारलं न्हाई." आणि लगेच, तितक्याच कोरडेपणाने, माझ्याकडे वळून, "आता मला सांगा. पातं ठिवायचं कुठं?"

मी पिशवीतून तुझं पुडकं काढलं आणि सगळं सांगितलं, पाण्यापासून ताटलीपर्यंत, ताटलीपासून दोऱ्यापर्यंत, दोऱ्यापासून फडक्यापर्यंत. दोघींकडून तोंडाने म्हणवून घेतलं. यमुनाने एकदाही चूक केली नाही. शेवटी पुडकं हौसाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देवापाशी ठेवायला आत वळल्या. देवापुढची जमीन आजच सारवलेली होती, अजून ओली.

मी म्हटलं, "तिथे नको, हौसाबाई. खुंटीला टांगा."

त्यांनी टांगलं. ते नीट बसलं आहे का हे मी स्वतः ओढून बघितलं आणि मग चहाला थांबले.